'व्हिजिट' आणि 'एन्काउंटर': मराठीत काय म्हणावं?

रानजाई: ओपनएमआरएस म्हणजे पेशंटच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली. तिच्या सर्व्हरवरून माहिती घेणारा जावा क्लायंट, म्हणजे जावा भाषेतला प्रोग्राम, लिहितेय. स्क्रीन मराठीत हवा, कारण तो वापरणार केसपेपर काढणाऱ्या ताई. अडलंय ते व्हिजिट आणि एन्काउंटरवर. पेशंट दवाखान्यात आला की व्हिजिट उघडते. मग सिस्टरनं बीपी घेतलं, डॉक्टरांनी तपासलं, ही त्याच व्हिजिटमधली दोन एन्काउंटर. मला दोन्हीला 'भेट'च सुचतंय, म्हणजे मथळा होणार 'भेटीतील भेटी'!

खडूफळा: एन्काउंटरला 'गाठ' चालेल? डॉक्टरांची गाठ घेतली, असं म्हणतोच आपण.

ओपीडीवाली: नको हो! केसपेपरवर 'एकूण गाठी: ३' छापून आलं तर पेशंट तिथेच बसकण मारेल. नुसतं 'एन्काउंटर' ठेवलं तर पोलीस आठवतात, तेही नको. व्हिजिटला 'खेप' घ्या. "ही तिसरी खेप आमची" असं पेशंटच म्हणतात. एन्काउंटरला स्वतंत्र शब्द कशाला हवा? प्रत्येकाला प्रकार दिलेला असतोच, तोच दाखवा: 'डॉक्टरांची तपासणी', 'बीपी-वजन'.

खडूफळा: खेप ओपीडीपुरती ठीक. आठ दिवस ॲडमिट असलेल्याचीही ती एकच व्हिजिट असते. तिला खेप म्हणणार?

ओपीडीवाली: व्हिजिटलाही प्रकार असतो की. तिथे 'ॲडमिट' लिहा.

जावाकर: हापी फायर ही जावा लायब्ररी वापरत असाल तर जपून. फायर म्हणजे आरोग्याची माहिती देवाणघेवाण करण्याचं मानक, आणि त्यात 'व्हिजिट' नावाचं रिसोर्सच (नोंदीचा ठरलेला साचा) नाही. ओपनएमआरएसचं मॉड्यूल दोन्ही गोष्टी 'एन्काउंटर' म्हणूनच पाठवतं, आतलं 'पार्टऑफ' (कशाचा भाग) या रकान्यातून बाहेरच्याकडे, म्हणजे व्हिजिटकडे, बोट दाखवतं. क्लासच्या नावावरून लेबल लावलंत तर सगळ्याच खेपा होतील.

रानजाई: मग पार्टऑफ रिकामं असेल तिथे 'खेप' लावते.

जावाकर: तेवढ्यावर विसंबू नका. व्हिजिट आली ओपनएमआरएसच्या १.९ आवृत्तीत. त्याआधीची एन्काउंटर कुठल्याच व्हिजिटला न जोडलेली असतात, आणि आजही व्हिजिटशिवाय एन्काउंटर नोंदवता येतं. प्रकारच तपासा आणि मराठी नावं प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या यादीत, ठेवा, म्हणजे शब्द बदलला तरी कोडला हात लागणार नाही.

रानजाई: बरं, 'खेप' पक्की. एन्काउंटरमध्ये टिपलेल्या एकेका माहितीला, म्हणजे ऑब्झर्वेशनला, 'मोजमाप' म्हणू का?

ओपीडीवाली: बीपी, वजनाला शोभेल. पण 'तंबाखू खाता का?' याचं उत्तरही ऑब्झर्वेशनमध्येच जातं. ते कसं मोजणार? साधं 'नोंद' ठेवा.