मदत हवी आहे: सात आठवड्यांच्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी (नागपूर)

नमस्कार. मुलगी पहिलीच, सात आठवड्यांची. पायाळू होती म्हणून सीझर झालं. (आता शेजारच्या काकू कंबर लचकली की तिचा पाय लावून घ्यायला येतात, ते वेगळंच.) तपासताना खुबा सटकत नव्हता, तरी पायाळू आणि त्यात मुलगी, अशा बाळांत खुब्याची खोबण उथळ राहण्याची शक्यता जास्त, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी सांगितली.

घराजवळच्या सेंटरचा रिपोर्ट एका ओळीचा: 'दोन्ही खुबे नॉर्मल'. कोन नाही, रेघा आखलेला फोटो नाही. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून धंतोलीत पुन्हा करायला लावली. आता उजवा अल्फा कोन (खोबण किती भरली ते दाखवणारा) ६३ अंश, टाइप १. डावा ५६, टाइप २ए. ग्राफ नावाच्या डॉक्टरांच्या मोजायच्या पद्धतीत ६० पासून पुढे पक्कं आणि १२ आठवड्यांच्या आत ५० ते ५९ म्हणजे अजून कच्चं. बहुतेकदा आपोआप भरतं, पण १२ आठवड्यांच्या सुमारास परत बघायचंच, असं ते म्हणाले.

मला पटलं. घरच्यांना नाही. भासरे म्हणतात, वाट कशाला बघता, सरळ एक्स-रे काढा. आणि मालिशवाली बाई दोन्ही पाय ओढून सरळ जुळवते नि दुपट्यात करकचून बांधते. सासूबाईंना तेच हवं, नाहीतर म्हणे पाय फेंगडे होतात. एक्स-रे काढावा का? आणि बाईला काय सांगू?

प्रतिसाद १: ताई, मी सोनोग्राफी विभागात काम करते. या वयात मांडीच्या हाडाचा गोळा कुर्चेचा असतो, एक्स-रेत तो दिसतच नाही. साधारण ४ ते ६ महिन्यांत त्यात हाड धरू लागतं, मग एक्स-रे कामाचा. तोवर सोनोग्राफीच, आणि तिच्यात किरणांचा प्रश्नही नाही. पुढची शक्यतो त्याच ठिकाणी करा. प्रोब (अंगावर फिरवतात तो सोनोग्राफीचा दांडा) जरा तिरका झाला तरी कोन बदलतो. आधीचे फोटो सोबत न्या, नुसता कागद नको.

पाय ओढणं मात्र आजच बंद करा. गुंडाळायचं तर कमरेखाली सैल, गुडघे वाकून बाहेर पडतील इतकं. बाईशी वाद घालू नका, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणा. सासूबाईही ऐकतील.

धागाकर्ती: आभार! चिठ्ठीचं सुचलंच नव्हतं. डबल लंगोट बांधल्याने काही फायदा होतो का?

प्रतिसाद १: नाही. कोन कमीच राहिला तर डॉक्टर पाय वाकवून धरणारे पट्टे सांगतील, ते वेगळे. ते मनाने बांधायचे नाहीत.