मंत्र्यांची सही झाली, तरी काम होत नाही : मग सत्ता नेमकी कोणाची?

प्रश्न

आमच्या गावाजवळच्या ओढ्यावर पूल व्हावा, म्हणून ग्रामसभेने ठराव केला, आमदारांनी शिफारसपत्र दिले आणि ते घेऊन आम्ही चौघे मंत्रालयात जाऊन संबंधित मंत्र्यांना भेटलो. त्यांनी आपुलकीने चौकशी केली, पत्रावर शेरा मारून सही केली. गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. या गोष्टीला आता पंधरा महिने झाले. खाली चौकशी केली, तर ‘वरून काही आले नाही’ असे सांगतात आणि वर विचारले, तर ‘खालून अहवाल आलेला नाही’ असे उत्तर मिळते. आम्ही मत देतो ते आमदारांना, मंत्री होतात ते त्यांच्यातलेच. मग त्यांची सही होऊनही कागद हलत नसेल, तर राज्य खरोखर चालवते कोण? मंत्री पाच वर्षांचे पाहुणे आणि अधिकारी घरमालक, असे आमच्याकडचे जाणते लोक म्हणतात, ते खरे मानावे काय?

उत्तर १ (मंत्रालयातून निवृत्त झालेला कक्ष अधिकारी)

आपण एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नाही : तो शेरा कोणता होता? ‘मान्य’ असा होता की ‘तपासून सादर करावे’ असा? माझा अनुभव असा, की भेटायला आलेल्या शिष्टमंडळाच्या पत्रावर बहुतेक वेळा यांतला दुसराच शेरा असतो. भेटायला आलेला माणूस सही पाहून समाधानाने घरी जातो; कार्यासनाच्या, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाच्या, दृष्टीने मात्र तो आदेश नसून केवळ प्रस्ताव तपासण्याची सूचना असते. पुढे काय करायचे, हे त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या टिपणीवर ठरते, आणि ती टिपणी मंत्री लिहीत नाहीत, सचिवही लिहीत नाहीत. ती आमच्यासारखी माणसे लिहितात.

टिपणी लिहिणे हा वरवर कारकुनी वाटणारा, पण मोठ्या अधिकाराचा भाग आहे. यापूर्वीचे कोणते उदाहरण जोडायचे आणि कोणते जोडायचे नाही, ‘प्रस्ताव मान्य करण्यास हरकत नसावी’ असे लिहायचे की ‘निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करता येईल’ असे, वित्त विभागाचे अभिप्राय आधी घ्यायचे की नंतर, हे सारे खालीच ठरते. ती नस्ती, म्हणजे फाईल, अवर सचिव, उप सचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांपुढे जाते, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न नसतो, तयार उत्तर असते. ते बदलायचे, तर मंत्र्याला विषयाचा अभ्यास हवा आणि सचिवाच्या मताविरुद्ध आपले कारण लिहून सही करण्याची तयारी हवी. असे मंत्री मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे पाठवायची टिपणी आम्ही दोनदा वाचत असू.

मात्र ‘अधिकारी घरमालक’ हे मला पूर्णपणे पटत नाही. आमच्या हाती जे होते ते मुख्यतः थांबवण्याचे बळ होते. एखादी गोष्ट नव्याने सुरू करायची, तर तेथे राजकीय माणूसच लागतो. रोजगार हमी योजना कोणत्याही कार्यासनातून निघालेली नाही; वि. स. पागे यांच्यासारख्या विधिमंडळातल्या माणसाने ती मांडली, लावून धरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेचे हजेरीपट खरे भरले जातात की खोटे, हे मात्र पुन्हा खालच्या यंत्रणेच्याच हाती राहिले.

उत्तर २ (माजी पंचायत समिती सदस्य)

कक्ष अधिकारी साहेबांनी टिपणीचे सामर्थ्य सांगितले, पण बदलीचा विषय त्यांनी अलगद बाजूला ठेवला. अधिकाऱ्याला मंत्र्याची भीती वाटते ती शेऱ्याची नव्हे, बदलीची. २००५ च्या कायद्याने राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांना नियम घातले : एका पदावर साधारणतः तीन वर्षे आणि बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात. पण त्याच कायद्यात ‘विशेष कारणास्तव’, कारणे लेखी नोंदवून, मध्येच बदली करण्याची वाटही ठेवली आहे. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांच्या बदलीसाठी सक्षम प्राधिकारी थेट मुख्यमंत्री आहेत. ज्याच्या मुलांची शाळा, आईवडिलांचे औषधपाणी आणि राहते घर दुसऱ्याच्या एका सहीवर अवलंबून असते, त्याला घरमालक कसे म्हणावे?

आता माझा स्वतःचा अनुभव. मी पाच वर्षे निवडून आलेला प्रतिनिधी होतो आणि गटविकास अधिकारी माझ्या पत्राला पोच देण्यापलीकडे फारसे काही करीत नसत. तेच अधिकारी पालकमंत्र्यांच्या खाजगी सचिवाचा दूरध्वनी आला, की उभे राहून बोलत. पालकमंत्री आणि मी, दोघेही राजकारणीच; एकाच्या हाती त्या अधिकाऱ्यांची बदली होती, दुसऱ्याच्या हाती नव्हती. म्हणून राजकारणी विरुद्ध अधिकारी ही मांडणीच मला चुकीची वाटते. मतदाराच्या जितके जवळचे पद, तितकी त्या पदावरच्या निवडून आलेल्या माणसाची सत्ता कमी, असे आपल्या राज्यात झाले आहे.

हे नेहमीच असे नव्हते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना मुद्दाम परिषदेबाहेर ठेवले होते. पुढे जिल्ह्याचा विकासनिधी वाटण्याचे महत्त्वाचे ठिकाण जिल्हा नियोजन समिती झाले. तिचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष दिव्याच्या गाडीतून फिरत राहिला. पैशाची दिशा दुसरीकडे ठरू लागली.

उत्तर ३ (राज्यशास्त्राची प्राध्यापिका)

वरील मुद्द्याला पुष्टी देणारी दोन उदाहरणे महापालिकांची आहेत. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा असून त्यात कार्यकारी अधिकार महापौरांकडे नाहीत, राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे आहेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, आयुक्तच प्रशासक होते. स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकारही त्यांच्याचकडे असल्याने प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. वरवर पाहता अधिकारीशाहीचा याहून मोठा विजय कोणता? परंतु त्या आयुक्तांची नेमणूक राज्य सरकारच्या हाती होती. त्यामुळे २२७ नगरसेवकांची सत्ता महापालिकेच्या कचेरीत थांबली नाही. तिचा मोठा भाग मंत्रालयात गेला. नवल असे, की मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर तेव्हाच्या आयुक्तांना हलवावे लागले, ते निवडणूक आयोगाच्या आदेशामुळे.

दुसरे उदाहरण नवी मुंबईचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथील महापालिकेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला, पण राज्य सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. आणि मार्च २०१७ मध्ये त्याच सरकारने त्यांची बदली पुण्याच्या परिवहन महामंडळात केली. मुंढे योग्य होते की नगरसेवक, हा वाद येथे नको. १०४ मतांनी जे झाले नाही, ते पाच महिन्यांनी एका आदेशाने झाले, एवढेच मला दाखवायचे आहे.

अधिकाऱ्याने स्वतंत्र मत द्यावे, हे घटनाकारांना मान्य होते. सरदार पटेलांनी १९४९ मध्ये घटना समितीत अखिल भारतीय सेवांची बाजू याच कारणाने लावून धरली होती. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेश लेखी नोंदवावेत, असे बजावले. लेखी आदेशाचा आग्रह धरणारे अधिकारी किती, हे आपण सगळे जाणतोच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पत्राची छायाप्रत काढून पाहिली. शेरा ‘तपासून सादर करावे’ असाच आहे. पंधरा महिने आम्ही तो मंजुरी समजून बसलो होतो. आता काय करावे?

उत्तर ४ (निवृत्त कक्ष अधिकारी)

बदल्यांचा जो २००५ चा कायदा वर आला, त्याच्या नावात ‘विलंबास प्रतिबंध’ असाही भाग आहे आणि तो फारसे कोणी वाचत नाही. एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा पुन्हा मंत्र्यांना भेटण्यापूर्वी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जात केवळ ‘सद्यःस्थिती कळवावी’ असे लिहू नका. त्याला ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे एका ओळीचे उत्तर येईल. नस्तीचे दोन भाग असतात, पत्रव्यवहाराचा आणि टिपणीचा. टिपणी भागाच्या सर्व पानांच्या प्रती मागा, शिवाय आवक-जावक नोंदवहीतील त्या पत्राच्या नोंदीही मागा. कोणत्या टेबलावर ती किती दिवस राहिली, हे तारखांसह दिसेल. कदाचित ती मंत्रालयात नसेलच आणि पुलाचे अंदाजपत्रक मागवणारे पत्र उपविभागाच्या एखाद्या कपाटात असेल; माझ्या काळात निम्म्या वेळा ते तेथेच सापडत असे.