शब्दचर्चा: ‘आठवड्याचा पहिला दिवस’, ‘सप्ताहारंभ’ की ‘पहिला वार’? (रकाना, ळकार, चौकट, तक्तेवाला ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं)

रकाना: दिनदर्शिकेच्या ॲपचं मराठीकरण चालू आहे. सेटिंगमध्ये एक ओळ आहे, तिच्यासमोर शनिवार, रविवार, सोमवार असे तीन पर्याय. ओळीसाठी वरची तीन नावं सुचली आहेत. कोणतं ठेवावं? आणि मराठी निवडल्यावर आपोआप कोणता वार पहिला यावा?

ळकार: ‘पहिला वार’ तसा नेमका आहे, कारण आपण ‘आज वार कोणता?’ असंच विचारतो. पण सेटिंगच्या यादीत सुटा वाचला की आधी घाव कोणी घातला असं वाटतं. ‘सप्ताहारंभ’ निमंत्रणपत्रिकेत शोभेल. शिवाय सप्ताह म्हणजे कोणतेही सलग सात दिवस. हरिनाम सप्ताह बुधवारी बसला तरी तो सप्ताहच. ‘हप्ता’ तर नकोच. हिंदीवरून मराठी करताना तो हमखास शिरतो आणि वाचणाऱ्याला कर्ज आठवतं.

‘आठवडा’ ठेवा, पण त्यालाही दोन अर्थ आहेत. ‘आठवड्याने या’ म्हणजे आजपासून सात दिवसांनी. ‘या आठवड्यात या’ म्हणजे ठरलेल्या कडांच्या आत. तुमचं सेटिंग फक्त दुसऱ्या अर्थाला हात लावतं.

चौकट: सोमवारच ठेवा. तारीख-वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोमवार १, रविवार ७. शिवाय आपण ‘शनिवार-रविवार’ एका दमात म्हणतो. सोमवारपासून मांडणी केली तर ती जोडी शेजारी राहते.

तक्तेवाला: आयएसओ हे माहितीच्या देवाणघेवाणीचं मानक आहे, पडद्यावर पहिला रकाना कोणाचा हे युनिकोडच्या सीएलडीआर संचातून, म्हणजे भाषा-प्रदेशांच्या रीतींच्या माहितीसाठ्यातून, घेतात. तिथे पहिला वार भाषेला नाही, प्रदेशाला बांधलेला असतो. भारत आणि अमेरिका रविवार, ब्रिटन सोमवार, मालदीव शुक्रवार; जगासाठीचं सर्वसाधारण मूल्य सोमवार. त्यामुळे ‘मराठी म्हणजे रविवार’ असं कोडमध्ये लिहू नका. फक्त भाषेचा संकेत दिला तर प्रणाली प्रदेश भारत धरते, आणि लंडनमधल्या मराठी माणसाच्या फोनवर सोमवार पण तुमच्या ॲपमध्ये रविवार पहिला येतो. तारीख न वाचता रकान्याच्या जागेवरून बोट ठेवणारे बरेच असतात. त्यांची भेटीची वेळ एका दिवसाने सरकते.

भारतासाठी मात्र रविवारच. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिका रविवारपासून मांडलेल्या असतात, नजर तिथे बसलेली आहे.

रकाना: मग सुट्टीचा लाल रंग पहिल्या रकान्याला द्यायचा?

तक्तेवाला: अजिबात नाही, ते वेगळं मूल्य आहे. सीएलडीआरमध्ये भारताची साप्ताहिक सुट्टी एकट्या रविवारची नोंदलेली आहे. पण महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात. सुट्टीचे वार वापरणाऱ्याला निवडू द्या.

चौकट: मान्य. पण मग महिन्याच्या घरांच्या जाळीचं गणित नीट करा. वारांना क्रमांक देताना जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा रविवारला ० देते, पायथन या दुसऱ्या भाषेतलं वीकडे सोमवारला ० देतं. महिन्याच्या आधीची रिकामी घरं = (१ तारखेचा वार − पहिला वार + ७) भागिले ७ ची बाकी. ते ‘+ ७’ गाळलं तर जावास्क्रिप्टमध्ये ० − १ ची बाकी −१ च येते आणि जाळी बिघडते. तपासायला नोव्हेंबर २०२६ घ्या, १ तारीख रविवारी आहे. रविवारपासून मांडलं तर एकही घर रिकामं नाही, ३० दिवस पाच ओळींत मावतात. सोमवारपासून मांडलं तर आधी ६ घरं रिकामी, एकूण ३६, आणि ३० तारीख सहाव्या ओळीत. पाचच ओळी पक्क्या ठेवल्या असतील तर ती दिसतच नाही. वारांची शीर्षकंही (र, सो, मं, बु, गु, शु, श) त्याच मूल्याने फिरवा. शीर्षकं स्थिर आणि तारखा फिरत्या, हा घोळ सर्रास दिसतो.

ळकार: आठवड्याचे क्रमांक दाखवणार असाल तर?

चौकट: ते या सेटिंगपासून तोडा. आयएसओच्या हिशोबात वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात, तो आठवडा १. म्हणून १ जानेवारी २०२७, शुक्रवार, हा २०२६ च्या ५३ व्या आठवड्यात जातो. एक्सेलमधलं आठवड्याचा क्रमांक देणारं साधं वीकनम सूत्र त्याच दिवसाला १ म्हणतं. आयएसओचा क्रमांक आणि नेहमीचं वर्ष एकत्र छापलं की ‘२०२७, आठवडा ५३’ असं भूत तयार होतं.

पुन्हा-पुन्हा येणाऱ्या नोंदी त्याहून नाजूक. आयकॅलेंडर या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकात, पुनरावृत्तीच्या नियमात, आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे सांगणारा डब्ल्यूकेएसटी नावाचा घटक असतो, न दिल्यास सोमवार. ‘एक आठवडा सोडून, मंगळवारी आणि रविवारी, चार वेळा’ अशी नोंद ४ ऑगस्ट २०२६, मंगळवारपासून लावा. सोमवार धरला तर ४, ९, १८, २३. रविवार धरला तर ४, १६, १८, ३०. वापरणाऱ्याने फक्त रकाने बदलले आणि जुन्या नोंदी उड्या मारायला लागल्या, असं होता कामा नये. नोंद केली तेव्हाचं मूल्य नोंदीतच साठवा.

रकाना: आणि ‘हा आठवडा’, ‘पुढचा आठवडा’ ही बटणं?

ळकार: तिथे बोलीभाषा सेटिंगला जुमानत नाही. रविवारी संध्याकाळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्याच्या मनात उद्याचा सोमवार असतो, भिंतीवर रविवार पहिला असला तरी. रविवारपासून सुरू होणाऱ्या मांडणीत मात्र तो सोमवार ‘हा आठवडा’खाली येतो. शब्द बदलून हे सुटत नाही. बटणाच्या शेजारी तारखा छापा: ‘हा आठवडा, १ ते ७ नोव्हेंबर’.

ओळीचं नाव ‘आठवड्याची सुरुवात’ ठेवा आणि पर्याय ‘रविवारपासून’, ‘सोमवारपासून’ असे पूर्ण शब्दांत द्या. वाराचं नाव आणि ‘पासून’ कोडमध्ये जोडायला गेलात तर मधे जागा पडून ‘सोमवार पासून’ होतं, आणि लघुरूप आलं की ‘शनिपासून’. साडेसातीवाला वापरकर्ता घाबरेल.