मदत हवी आहे : जुन्या कार टेपला मोबाइल कसा जोडू?

अप्पांच्या २००३च्या गाडीत कंपनीचाच कॅसेट-रेडिओ आहे. ऑक्स (मोबाइलची वायर खुपसायची खाच) नाही, यूएसबी नाही. लायटरच्या सॉकेटात बसणारा एफएम ट्रान्समीटर (मोबाइलचं गाणं रेडिओच्या लहरींवर पाठवणारा) आणला. तुळजापूर रोडला झकास वाजतो, सात रस्त्याला आलो की दुसरं स्टेशन घुसतं. कॅसेट अडॅप्टर (मोबाइलला वायरने जोडायची कॅसेटच्या आकाराची डबी) घातला, तर टेप दोन मिनिटांत खटकन बाहेर फेकतो.

दुकानदार म्हणतो, "नवीन टेप टाका की!" पण अप्पांना जुन्या टेपवरचे ते हिरवे आकडेच हवेत.

अँटेनाच्या वायरीत बसून मोबाइलचा आवाज थेट रेडिओत सोडणारा मॉड्युलेटर लावू, की टेप उघडून व्हॉल्यूमच्या अलीकडे ऑक्सची वायर सोल्डर करून घेऊ? दुसऱ्यात आवाज स्वच्छ येईल, पण सर्किट जळायची भीती वाटते. सोलापुरात असं काम नीट करणारं कुणी आहे का?