लहान मुलांना आकार शिकवताना आधी नाव की आधी हात?

त्रिज्या:
लेकीकडून आकारांचा तक्ता पाठ करून घेतला होता. घडाघडा म्हणायची. एकदा तिने चौरसाचं कार्ड टोकावर उभं केलं आणि म्हणाली, "हा आता पतंग झाला." उलटा त्रिकोण तर तिला त्रिकोण वाटायचाच नाही, कारण तक्त्यात त्याचं टोक कायम वर!

तक्ता गुंडाळून ठेवला. चार सारख्या काड्या आणि मातीच्या गोळ्या दिल्या. तिने चौरस केला, जरा ढकलल्यावर तो कलला. आधाराला तिने तेवढीच पाचवी काडी तिरकी धरली, ती पुरेना. (दहा सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण चौदाहून थोडा जास्त असतो.) बाईसाहेब हट्टी. काडी बसेपर्यंत चौकटच दाबली, आणि समोर दोन समभुज त्रिकोण. आता कितीही ढकला, आकार बदलेना.

माझं मत: सहा वर्षांपर्यंत नावं शिकवूच नयेत.

लंबक:
साफ असहमत. 'त्रिकोण' हा शब्द नसता तर तिला दिसलं ते तिने धरून कशाने ठेवलं असतं? दोष नावांचा नाही, ढिसाळ नावांचा आहे. कित्येक तक्त्यांवर चौरसाखाली 'चौकोन' छापलेलं असतं. मग शेजारच्या आयताला काय पाच कोन आहेत? आणि आपलं ते लाडकं 'गोल': नाणंही गोल, चेंडूही गोल!

कागदी बाण:
बालवाडीचा पाया १८३७ मध्ये घालणाऱ्या फ्रोबेलच्या साहित्यात आधी लोकरीचे चेंडू येतात, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. सपाट आकार त्यानंतर. आपण उलटं करतो. जे कधी हातात धरता येत नाही, ते चित्र आधी दाखवतो.

चिमटा:
घरात एका मुलीबरोबर हे छान जमतं. वर्गात तीस मुलं असतात, आणि त्यातलं एक माती नाकात घालतं. तिथे तक्ताच उपयोगी पडतो. पदार्थांचे गुणधर्मही मी तसेच सांगते: जड वस्तू बुडते, हलकी तरंगते. पुढचं पुढे.

लंबक:
@चिमटा, नावांच्या बाजूने मी आहे, चुकीच्या नियमांच्या नाही. त्याच मातीचा गोळा पाण्यात टाका, बुडेल. तीच पातळ थापून वाटी करा, अलगद ठेवा, तरंगेल. वजन तेवढंच, माती तीच. वाटी जास्त पाणी बाजूला सारते, एवढाच फरक. तीस मुलांना एक बादली पुरते.

त्रिज्या:
'गोल'चा मुद्दा मान्य. नावं नकोतच, हे मागे घेते. तक्ता मात्र माळ्यावरच राहील.

चिमटा:
बादली पुरते हो, फरशी कोण पुसणार?