अंतराळात माणसानेच का जावे?

मूळ मांडणी

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परतले, आणि त्यानंतर चंद्राच्या भूमीवर कोणाही माणसाचे पाऊल पडलेले नाही. यंत्रे सर्व काही करू शकत असताना माणसाचा जीव धोक्यात कशाला घालायचा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते माणसाने जात राहिले पाहिजे, आणि त्याचे कारण ध्वज रोवण्याच्या अभिमानात नसून जागेवर घेता येणाऱ्या निर्णयात आहे. त्या मोहिमेतील हॅरिसन श्मिट हे भूशास्त्रज्ञ होते. शॉर्टी विवराच्या काठावर राखाडी धुळीत त्यांना अचानक नारिंगी छटा दिसली, त्यांनी तेथे चर खणून नमुने घेतले, आणि ती माती प्राचीन ज्वालामुखीतून उसळलेल्या सूक्ष्म काचमण्यांची निघाली. २०११ साली त्याच मातीच्या कणांत बंदिस्त राहिलेले पाणी मोजले गेले आणि चंद्राच्या अंतरंगाविषयीच्या जुन्या कल्पना बदलाव्या लागल्या. काय उचलायचे हे ठरवणारी नजर तेथे होती, म्हणून हे घडले.

पहिला प्रतिसाद (असहमत)

उदाहरण उत्तम आहे, परंतु ते पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांशी तुलना करते. २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ ६ या मानवरहित यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून सुमारे १.९ किलो नमुने आणले. त्या बाजूवर आजवर एकही माणूस उतरलेला नाही. शिवाय पाण्याचा शोध पृथ्वीवरील प्रयोगशाळेत लागला, चंद्रावर नव्हे. १९८६ मध्ये चॅलेंजर आणि २००३ मध्ये कोलंबिया या यानांच्या अपघातांत प्रत्येकी सात जण गेले. एखादे यंत्र निकामी झाले तर आपण दुसरे पाठवतो. गेलेल्या माणसाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

धागालेखकाचे उत्तर

ते चौदा मृत्यू मीही विसरू शकत नाही, आणि सुरक्षिततेची तडजोड करून घाईने उड्डाण करण्यास माझा तुमच्याइतकाच विरोध आहे. मात्र यंत्राची मर्यादाही पाहा. इनसाइट यानाचे उष्णतामापक उपकरण मंगळाच्या भूमीत पाच मीटर खोल जायचे होते. मातीत पुरेसे घर्षण मिळेना, म्हणून शास्त्रज्ञ यानाच्या यांत्रिक हाताने ते दाबून पाहत राहिले, आणि जवळजवळ दोन वर्षांनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, तो प्रयत्न सोडावा लागला. शेजारी कुदळ घेतलेला माणूस असता तर त्याने जागा बदलून पाहिली असती. वेगाचा फरकही मोठा आहे. अपोलो १७ च्या दोघांनी तीन दिवसांत गाडीने सुमारे ३५ किलोमीटर प्रवास केला. ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरील गाडीला ४२ किलोमीटर पार करायला अकरा वर्षे लागली. हबल दुर्बिणीच्या सदोष आरशावरचा उपायही १९९३ मध्ये अंतराळवीरांनीच बसवला.

दुसरा प्रतिसाद

मला जिवाच्या धोक्यापेक्षा वेगळी चिंता आहे. मंगळावर कधी जीवसृष्टी होती का, हा मानवजातीपुढील थोर प्रश्नांपैकी एक आहे. १९७५ मध्ये मंगळाकडे निघालेली व्हायकिंग अवतरक (भूमीवर उतरणारी) याने, पृथ्वीवरचे जंतू तेथे पोहोचू नयेत म्हणून, भट्टीत तापवून निर्जंतुक केली होती. माणूस आपल्या शरीरातील कोट्यवधी सूक्ष्मजीवांसह जातो आणि पोशाख किंवा निवारा पूर्णपणे गळतीमुक्त ठेवणे अवघड आहे. उद्या मंगळाच्या मातीत जिवाणू सापडला, तर तो तेथला की आपणच नेलेला, याचा निवाडा कसा करणार?

धागालेखकाचे उत्तर

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जेथे द्रव पाण्याची शक्यता आहे असे प्रदेश माणसासाठी बंद ठेवावेत, याला माझी पूर्ण संमती आहे. परंतु पृथ्वीवरून मंगळाकडे संदेश जायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तितकीच. अंतराळवीर मंगळाभोवतीच्या कक्षेत किंवा फोबोस या उपग्रहावर राहिले, तर निर्जंतुक गाड्या ते जवळजवळ तत्क्षणी चालवू शकतील आणि मातीला त्यांचा स्पर्शही होणार नाही.

पहिला प्रतिसादक पुन्हा

कक्षेतील तळाची कल्पना मला पूर्वीपेक्षा पटण्याजोगी वाटते. तरीही क्युरिऑसिटी या मंगळावरील गाडीसोबतच्या उपकरणाने तिकडे जाताना प्रवासात केलेल्या मोजणीनुसार, केवळ जाऊन येण्यातच सुमारे ०.६६ सीव्हर्ट (किरणोत्साराचा शरीरावरील परिणाम मोजण्याचे एकक) किरणोत्सार शरीरात जाईल, आणि तेथील मुक्कामाचा त्यात समावेश नाही. त्यापासूनचे संरक्षण चंद्राच्या परिसरात दीर्घ काळ तपासून सिद्ध होईपर्यंत मंगळाकडे माणूस पाठवू नये, ही अट तुम्ही मान्य करता का?

धागालेखकाचे उत्तर

करतो. ती चाचणी माणसांसहच घ्यावी लागेल, म्हणून चंद्राकडे जाणे थांबवू नये.