मदत हवी आहे: आईची अँजिओग्राफी नॉर्मल, त्रास मात्र तसाच

आई 58 वर्षांची. जिना चढताना धाप लागते, जबडा आणि पाठ दुखते, मळमळतं. छातीत कळ कधीच नाही. अँजिओग्राफी स्वच्छ आली, तर 'टेन्शन घेऊ नका' म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. (बाबांना कुणी असं म्हटलं असतं का, देव जाणे.) हृदयाच्या मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही बारीक रक्तवाहिन्यांमध्ये दोष असू शकतो, तो साध्या अँजिओग्राफीत दिसत नाही आणि बायकांमध्ये जास्त आढळतो, असं वाचलं. शिवाय माझ्या वेळी गरोदरपणात तिचं बीपी खूप वाढलं होतं. त्यानेही पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, पण ते कुणी विचारलंच नाही. बारीक रक्तवाहिन्यांचा हा दोष शोधायला कुणी स्ट्रेस एमआरआय (औषधाने हृदयावर ताण देऊन केलेला एमआरआय) किंवा हृदयाचं पेट (PET) स्कॅन केलंय का? दुसऱ्या डॉक्टरांकडे विषय कसा काढलात?